अतिमानव आणि त्यांचे चिकित्सक

जून १९७३ ही तारीख असलेल्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ या अमेरिकन चित्रकथा-मासिकाच्या १२१ व्या अंकात ग्वेन स्टेसी नावाची एक तरुणी पुलाच्या उंच मनोऱ्यावरून खाली लोटली जाते. कोळ्याचे गुण अंगी आलेला नायक मनगटावरून चिवट धागा सोडतो, पाण्यावर आपटण्यापूर्वीच तिला अधांतरी थोपवितो आणि मोठ्या आनंदाने वर ओढून घेतो. मग त्याच्या ध्यानात येते, की ती जिवंत नाही. पडण्याच्या धक्क्यानेच तिचे प्राण गेले होते, असे खलनायक सांगतो. परंतु धागा ताणला जातो त्या चित्रात तिच्या मानेजवळ काही तरी तुटल्याचा आवाज दर्शविणारा एक बारीकसा शब्द छापलेला आहे.

त्या एवढ्याशा शब्दाने रसिकांत जो वाद पेटला, तो पन्नास वर्षे उलटली तरी विझलेला नाही. तिला मारले कोणी? खलनायकाने, की तिला वाचविण्यासाठी धागा फेकणाऱ्या प्रियकरानेच? पुढे १२५ व्या अंकातील पत्रव्यवहाराच्या पानावर संपादकांनी खुलासा केला, की वेगाने पडणारे शरीर एकाएकी थोपविले गेल्यामुळे मानेला बसलेल्या हिसक्यानेच तिचा अंत झाला. दुसरा वाद पुलाविषयीचा. मजकुरात नाव छापले आहे जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचे, पण चित्र दिसते ते ब्रुकलिन पुलाचे. एकाच प्रसंगाविषयीचा एक प्रश्न काळजाला भिडणारा, तर दुसरा निव्वळ नकाशाचा. आणि तरीही ते दोन्ही प्रश्न त्याच चाहत्यांच्या तोंडी असतात.

असले वाद ऐकून एखादा प्रौढ गृहस्थ सहज हसेल. जो मनुष्य भिंतीवरून कोळ्यासारखा चढतो, त्याच्या धाग्याचा ताण मोजण्यात काय हशील, असे तो विचारील. या शंकेचे उत्तर अद्‌भुतकथेच्या स्वभावातच आहे. अशी कथा श्रोत्याशी एक अलिखित करार करीत असते. एक अशक्य गोष्ट विनातक्रार मान्य करा, असे ती म्हणते. आणि त्या बदल्यात, पुढचे सारे काही त्या एका अशक्याला धरूनच घडेल, असे वचन देते. हनुमंताने समुद्र ओलांडला, याला कोणी हरकत घेत नाही. परंतु जो समुद्र ओलांडू शकतो, त्याने सीतेला पाठीवर घेऊन तत्काळ परत का आणले नाही, ही शंका श्रोत्याच्या मनात उठल्यावाचून राहत नाही. वाल्मीकीने ही शंका ओळखली होती. सुंदरकांडात हनुमंत स्वतःच सीतेला तसे सुचवितो, आणि ती ते का नाकारते याची कारणे कवीने तिच्याच मुखाने सांगितली आहेत. क्षेमेंद्राने ज्याला औचित्य म्हटले, त्याचीच मागणी चित्रकथेचा आधुनिक वाचक आपल्या परीने करीत असतो.

ही मागणी लेखकांनाही टाळता आलेली नाही. १९३८ साली जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला, तेव्हा तो उडत नसे. फार तर एक फर्लांग लांब उडी मारी. तोफेच्या स्फोटक गोळ्याहून कमी जोराच्या कशानेही त्याची त्वचा भेदली जात नसे, एवढेच. पुढे त्याचे सामर्थ्य वाढत गेले, आणि त्याबरोबर लेखकांची अडचणही वाढली. कारण ज्याला कशाचेच भय नाही, त्याची कथा रंगणार कशी? यावरची तोड निघाली ती नभोवाणीवर. सुपरमॅनच्या लोकप्रिय श्रुतिकामालेत १९४३ साली ‘क्रिप्टोनाइट’ हे खनिज अवतरले. त्याच्या नष्ट झालेल्या जन्मग्रहाचा तो अवशेष, आणि त्याच्या सान्निध्यात हा महाबली निर्बल होतो. चित्रकथेने हे खनिज १९४९ साली उचलले. सामर्थ्याला मर्यादा असली तरच कथेला अर्थ येतो, हे त्या द्रव्याने सिद्ध केले.

वाचकांचा हा पहारा संघटित झाला तो मासिकांतील पत्रव्यवहाराच्या पानांमुळे. डीसी या प्रकाशनसंस्थेचे संपादक ज्यूलियस श्वार्ट्‌झ हे तरुणपणी स्वतः विज्ञानकथांचे निस्सीम चाहते होते. १९६० च्या सुमारास ते वाचकांची पत्रे संपूर्ण पत्त्यासह छापू लागले, आणि दूरदूरच्या गावी एकेकटे बसून वाचणारे लोक परस्परांना पत्रे लिहू लागले. डेट्रॉइटचे प्राध्यापक जेरी बेल्स आणि मिसूरीतील तरुण रॉय थॉमस यांनी १९६१ साली ‘आल्टर ईगो’ हे चाहत्यांचे नियतकालिक काढले. हेच थॉमस पुढे मार्व्हल या प्रतिस्पर्धी संस्थेत गेले, आणि ग्वेनच्या मृत्यूची कथा छापली गेली तेव्हा तिथले प्रमुख संपादक तेच होते. शंका विचारणारा शंकांची उत्तरे देणाऱ्याच्या आसनावर बसला, तो असा.

त्याच १९६१ साली श्वार्ट्‌झ यांच्यापुढे एक पेच उभा होता. ‘फ्लॅश’ या नावाचा अतिवेगवान वीर १९४० पासून एक होता, आणि १९५६ मध्ये त्याच नावाचा दुसराच वीर अवतरला होता. मग पहिला गेला कुठे? लेखक गार्डनर फॉक्स यांनी ‘दोन जगांचा फ्लॅश’ या कथेत उत्तर दिले, की दोघेही खरे आहेत, मात्र त्यांच्या पृथ्वी वेगळ्या आहेत. एका विसंगतीच्या परिहारासाठी समांतर जगाची ही कल्पना अशी वापरली गेली. पुढे अशा पृथ्वींची इतकी गर्दी झाली, की १९८५-८६ मध्ये एक प्रदीर्घ कथामाला लिहून त्या पुन्हा एकात विलीन कराव्या लागल्या. आज चित्रपटांतून जी ‘बहुविश्वे’ दिसतात, त्यांचे एक मूळ या समाधानात आहे.

मार्व्हलचे संपादक स्टॅन ली यांनी निराळी युक्ती योजली. १९६४ साली त्यांच्याच लेखणीतून ‘हल्क’ या पात्राचे मूळचे ‘ब्रूस बॅनर’ हे नाव चुकून ‘बॉब बॅनर’ असे पडले. वाचकांनी चूक दाखविताच त्यांनी जाहीर केले, की त्याचे पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असे आहे! वाचकांनाही त्यांनी हाच मार्ग दाखविला. दिसणारी चूक वस्तुतः चूक का नाही, हे जो पटवून देईल, त्याला ‘नो-प्राइझ’, म्हणजे ‘बक्षीस नाही’ या नावाचे बक्षीस! १९६७ पासून त्याचा लिफाफा टपालाने घरी येई. वर अभिनंदनाचा मजकूर, आणि आत काहीही नाही. हा विनोद असला, तरी त्यात मार्मिक शहाणपण होते. आपल्याकडील शास्त्रार्थात पूर्वपक्ष मांडून कोणी थांबत नाही. उत्तरपक्षही सांगावा लागतो. दोष दाखविणाऱ्यापेक्षा तो सांधणाऱ्याचा मान मोठा, ही शिस्त त्या रिकाम्या लिफाफ्याने हजारो मुलांना लावली.

तर्काची ही आवड विद्यापीठांतही पोचली. मिनेसोटा विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी अतिमानवांच्या आधारे विज्ञान शिकविणारा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध केला. त्यात ग्वेनच्या मृत्यूचा विचार आहे. साधे गणित पाहावे. नव्वद मीटर खाली पडणाऱ्या शरीराचा वेग, हवेचा विरोध सोडून दिल्यास, ताशी सुमारे १५० किलोमीटर होतो. ते शरीर अर्ध्या सेकंदात थांबविले, तर त्यावर त्याच्या वजनाच्या नऊ-दहा पट जोर पडतो. गाठीशी ताणला जाणारा धागा असो वा पोलादी बाहू असोत, निसर्गाचा हिशेब तोच. पडणाऱ्याला वाचवायचे असेल, तर त्याच्याबरोबर खाली जात हळूहळू वेग कमी केला पाहिजे. उतावळे प्रेमही जीव घेऊ शकते, ही त्या कथेतील शोकांतिका गणित मांडल्यावर अधिकच गडद होते.

तथापि सर्वच शंका विज्ञानाच्या नसतात. १९७८ सालच्या ‘सुपरमॅन’ चित्रपटाच्या अखेरीस नायिका भूकंपात मरण पावते, आणि शोकाकुल नायक पृथ्वीभोवती विलक्षण वेगाने फिरून काळच मागे नेतो. पृथ्वी उलटी फिरविल्याने काळ उलटा फिरेल काय, हा वाद पुष्कळ झाला. परंतु मर्मभेदी प्रश्न वेगळाच आहे. त्याच चित्रपटात त्याचे पालक पिता हृदयविकाराने जातात, आणि एवढे सामर्थ्य असूनही आपण त्यांना वाचवू शकलो नाही, याची त्याला खंत वाटते. काळ मागे नेता येत असेल, तर त्या दुःखाला अर्थ काय उरला? आणि यापुढे कोणत्या संकटाची भीती बाळगायची? मृत्यू परतविता येतो असे एकदा ठरले, की कथेतील प्रत्येक अश्रू उसना ठरतो. ही शंका घेणारा प्रेक्षक कथेचे गांभीर्य राखू पाहत असतो.

कथेच्या तर्काकडून नटांच्या निवडीकडे वळले, की हाच पहारा अवघड वळणावर येतो. चित्रातल्या वीराला देह मिळताना प्रत्येक वाचकाच्या मनातील मूर्तीला धक्का बसतो. विनोदी भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेले मायकेल कीटन हे बॅटमॅन होणार, असे १९८८ मध्ये कळताच वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. ही संख्या ५०,००० सांगितली जाते. १९८९ साली चित्रपट आला, आणि त्याने अमाप यश मिळविले. २००६ मध्ये हीथ लेजर यांची जोकरच्या भूमिकेसाठी निवड झाली, तेव्हाही अशीच नापसंती उठली. २००८ च्या जानेवारीत ते मरण पावले, त्या वर्षी चित्रपट झळकला, आणि २००९ साली त्याच भूमिकेसाठी त्यांना मरणोत्तर ऑस्कर पारितोषिक मिळाले. वुल्व्हरिन हे पात्र मूळ चित्रकथेत जेमतेम सव्वापाच फूट उंचीचे. पण २००० सालापासून सहा फुटांहून उंच असलेल्या ह्यू जॅकमन यांनी ते असे रंगविले, की अनेकांच्या मनात आज त्यांचाच चेहरा आहे. मराठी रसिकाला याचे नवल वाटू नये. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका डोळ्यांत साठविणाऱ्या प्रेक्षकांनी देहसाम्याचा हिशेब कधीच बाजूला ठेवला होता.

या वादांत एक धोकाही दडलेला असतो. २०११ च्या ‘थॉर’ चित्रपटात देवलोकाचा द्वारपाल हाइमडाल याच्या भूमिकेत इड्रिस एल्बा हे कृष्णवर्णीय नट आले, तेव्हा एका वर्णवादी संघटनेने बहिष्काराची हाक दिली. नॉर्स पुराणांत या देवाला गौरवर्ण म्हटले आहे, असा आधारही पुढे करण्यात आला. पण हाक मारताच हाती परत येणारा हातोडा ज्याला खटकत नाही, त्याला त्वचेचा रंग तेवढा खटकावा, यात तर्क नव्हे, पूर्वग्रह बोलतो. पात्राचा प्राण कशात आहे, हा विवेक येथे कसोटीला लागतो. २००४ साली भारतात निर्माण झालेल्या चित्रकथेत मुंबईचा पवित्र प्रभाकर हा धोतर नेसलेला स्पायडरमॅन झाला, आणि २०२३ च्या सजीवचित्रपटातही तो झळकला. तेथे शहर बदलले, वेष बदलला, शक्तीचा उगमही कोळ्याच्या दंशाऐवजी एका योग्याच्या कृपेत शोधला गेला. परंतु चुलत्याच्या मृत्यूने जागे झालेले कर्तव्यभान कायम राहिले, म्हणून वाचकाने त्याला ओळखले.

या साऱ्या काथ्याकुटाचे फलित काय, असे कोणी विचारील, तर त्याला बिल फिंगर यांची हकिगत सांगावी. १९३९ साली बॅटमॅन अवतरला, तेव्हापासून निर्माता म्हणून नाव छापले जाई ते एकट्या बॉब केन यांचे. वस्तुतः पहिली कथा लिहिणारे, त्या वेषाला आजचे रूप देणारे, ब्रूस वेन हे नाव आणि गॉथम हे नगर सुचविणारे लेखक बिल फिंगर होते. १९६५ साली त्यांना गाठून, त्यांच्याशी बोलून, हे सत्य चाहत्यांपुढे मांडले ते ‘आल्टर ईगो’च्या जेरी बेल्स यांनी. केन यांनी लेखी इन्कार केला. फिंगर १९७४ साली अप्रसिद्धीतच वारले. परंतु विसंगती सहन न होणाऱ्या वाचकांनी तो विषय सोडला नाही, आणि अखेर २०१५ साली बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत केन यांच्यासह फिंगर यांचे नाव अधिकृतपणे देण्याचे ठरले. पहिल्या शंकेपासून या निर्णयापर्यंत पन्नास वर्षे गेली.

चित्रातला पूल नेमका कोणता, असे विचारणारी नजर आणि ही कथा नेमकी कोणाची, असे विचारणारी नजर एकच असते. ती नजर सोपे उत्तर मानीत नाही. मात्र तिने आपलाही पूर्वग्रह तितक्याच कठोरपणे तपासला पाहिजे. तेवढे पथ्य पाळले, तर चित्रकथेच्या रंगीत पानांवर डोके खुपसून हुज्जत घालणारा मुलगा वेळ वाया घालवीत आहे, असे म्हणता येणार नाही. सांगणाऱ्याने दिलेला शब्द त्याने पाळला की नाही, हे पाहण्यास तो शिकत असतो. आणि ही सवय पुढे कथेबाहेरच्या जगातही त्याच्या उपयोगी पडते.