केळ्यातला पोटॅश आणि अणूची जडणघडण

जळगावला लागून असलेले पिंप्राळा मागे टाकून, तापी ओलांडून यावल-रावेरच्या बाजूस गेले म्हणजे दुतर्फा केळीच्या बागा लागतात, आणि तेथील बागाईतदारांना पोटॅशच्या तांबूस खताची महती निराळी सांगावी लागत नाही. परंतु केळ्यात किरणोत्सार असतो, असे कुणी कुठेसे वाचून सांगितले की त्यांच्याच कपाळाला आठ्या पडतात व संशय लागलीच खताच्या गोणीवर जातो. बातमी खरी आहे, आरोप मात्र खोटा आहे. आणि तो खोटा का, हे उमगण्यास पोटॅशियमचा एक अणू नीट न्याहाळणे पुरेसे आहे.

ज्याच्या केंद्रकात १९ प्रोटॉन, तो अणू पोटॅशियमचा. १८ असते तर तो आर्गॉनचा ठरता, २० असते तर कॅल्शियमचा. न्यूट्रॉनांच्या कमीजास्त संख्येने मूलद्रव्य पालटते, हा समज निराधार आहे. पोटॅशियमच्या बहुतेक अणूंत २० न्यूट्रॉन असतात, शंभरांतल्या सहा-सातांत २२, आणि दहा हजारांतल्या एखाद्यात २१. हा २१ वाला तेवढा किरणोत्सारी. रासायनिक व्यवहार सगळा इलेक्ट्रॉनांच्या स्वाधीन, आणि ते तिन्ही प्रकारांत सारखेच १९. त्यामुळे केळीच्या मुळाला त्यांत निवड करता येत नाही, व पोटॅशियम शेणखतातून येवो, गोणीतून येवो किंवा मूळच्या काळ्या मातीतून येवो, त्या अस्थिर अणूंचे प्रमाण जवळजवळ तेच राहते.

शाळेच्या भिंतीवर रंगवलेले चित्र, मध्ये सूर्यासारखे केंद्रक आणि भोवती ग्रहांसारखे फिरणारे इलेक्ट्रॉन, हे १९११ मधील रदरफोर्ड व १९१३ मधील बोर यांच्या विचारांचे अपत्य होय. १९२६ च्या सुमारास श्रोडिंगर प्रभृतींनी ते मोडीत काढले, तरी भिंतीवरून ते अद्याप उतरलेले नाही. इलेक्ट्रॉनाला आखीव कक्षा नसते. तो कोठे आढळण्याचा किती संभव आहे, एवढेच सांगता येते. पोटॅशियमचे केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढे मानले, तर अणूचा विस्तार दोनशे मीटरांहून अधिक भरेल, आणि तरीही ९९.९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान त्या दाण्यातच असेल, कारण प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनाच्या सुमारे १८३६ पट जड. मग उरलेला अणू पोकळ म्हणावा काय? ती जागा इलेक्ट्रॉनांच्या तरंगांनी व्यापलेली असते आणि एकाच अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत, असा पाउली यांचा नियम आहे. म्हणूनच दगडातून हात आरपार जात नाही.

केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तेव्हा तो आधीपासून आत दडलेला असावा, अशी कल्पना एके काळी खुद्द शास्त्रज्ञांचीही होती. १९३२ मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला आणि पुढे फर्मी यांनी खुलासा केला, की न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होतेसमयी तो इलेक्ट्रॉन नव्याने जन्मास येतो. पोटॅशियमच्या शंभर अस्थिर अणूंपैकी सुमारे ८९ या मार्गाने कॅल्शियम होतात; बाकीचे आपलाच एक इलेक्ट्रॉन गिळून आर्गॉन होतात.

अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे, हा आकडा ऐकून छाती दडपते. वास्तविक दीर्घ अर्धायुष्य म्हणजे मंद गतीचे विघटन. एका केळ्यात सेकंदाला पंधराएक अणू फुटतात, तर ते खाणाऱ्याच्या देहात, केळे न खाताही, चार हजारांच्या आसपास. शिवाय शरीर पोटॅशियमचा साठा काटेकोर राखते व जादा अंश मूत्रपिंडावाटे बाहेर टाकते, म्हणून डझनभर केळी खाल्ल्यानेही तो किरणोत्सार अंगात साठून राहत नाही.

आर्गॉनची गोष्ट याहून रंजक. हवेत तो एक टक्क्याच्या आतबाहेर आहे आणि जवळजवळ सगळाच पृथ्वीतल्या पोटॅशियमपासून उपजलेला. तप्त लाव्ह्यातून तो निसटून जातो; लाव्हा गोठला की मात्र खडकात अडकून साचू लागतो, आणि साचलेल्या आर्गॉनाची पोटॅशियमशी तुलना केली की खडकाचे वय हाती येते. खानदेशाला वेढून असलेला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा निर्णय अशाच मोजण्यांच्या दाखल्यावर झालेला आहे.