मीठ, थंडी आणि पातळ धूर

घरी बेकन करून पाहणाऱ्यांची पहिली खेप बहुधा खारट होते आणि दुसरी कडू. मग खारटपणावर उतारा म्हणून साखर वाढते, कडूपणा झाकायला मिरी आणि लसूण येतात आणि एवढं करूनही ‘ती’ चव येत नाही म्हणून धुरीचा वेळ आणखी दोन तासांनी लांबतो. चव बिघडते ती बरेचदा या वाढीव गोष्टींनीच. बेकनची चव नेमकी कुठे तयार होते हे पाहिलं, तर सुधारणेला वाव दिसतो तो मिठाच्या वजनात, मुरण्याच्या दिवसांत, मांसाच्या कोरडेपणात आणि धुराच्या रंगात. मसाल्याच्या डब्याचा यात फारसा संबंध येत नाही.

बेकनसाठी घेतात ते डुकराच्या पोटाकडचं मांस, ज्यात चरबी आणि मांस यांचे एकाआड एक पदर असतात. ते मिठात मुरवायचं, सुकवायचं, धुरी द्यायची, पातळ कापायचं आणि तव्यावर परतायचं, इतकीच कृती. आपल्याकडे वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन घरांत आणि गोव्यात पोर्क चांगलं रुळलेलं आहे. गोव्याचे चोरीसही मीठ आणि धुरावर टिकतात, पण त्यांना माडाच्या सुरेच्या व्हिनेगरची आणि लाल मिरचीची साथ असते. बेकनला आंबट-तिखटाचा असा आधार नाही. त्यामुळे मिठात किंवा धुरात झालेली गडबड थेट जिभेवर येते.

थंडीने मीठ कमी केलं

मांस मुरवणं हा युरोपात पूर्वी हिवाळ्याचाच उद्योग होता. उन्हाळ्यात मीठ आतपर्यंत पोचण्याआधी मांस नासायचं. ते नासू नये म्हणून मीठ इतकं चोपडावं लागे, की खाण्याआधी तुकडे पाण्यात भिजत घालावे लागत. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात कॅल्न नावाचं गाव आहे. तिथल्या हॅरिस कुटुंबाचा बेकनचा व्यवसाय होता. त्यांच्यातला जॉर्ज हॅरिस १८४७ साली अमेरिकेला गेला आणि मांस बर्फाच्या गारव्यात ठेवून मुरवण्याची तिथली रीत त्याने पाहिली. पुढे या कुटुंबाने स्वतःची बर्फाची गोदामं उभारली. बर्फ वर आणि मांस खाली, म्हणजे जड झालेली गार हवा आपोआप मांसावर उतरत राहणार. १८६४ मध्ये त्यांनी या रचनेचं पेटंटही घेतलं. आता बेकन बारा महिने करता येऊ लागलं, आणि टिकवण्यासाठी लागणारा मिठाचा मारा कमी झाला. विल्टशरच्या सौम्य बेकनचं नाव झालं ते या गारव्यामुळे.

आज हेच काम घरचा फ्रिज करतो. आत २ ते ४ अंश सेल्सिअस तापमान राहत असेल, तर मीठ चवीच्या हिशोबाने घालता येतं. फक्त मांस मुरेपर्यंत ते एकदाही ओट्यावर काढून ठेवायचं नाही. मुंबई-पुण्याच्या खोलीतली हवा हिवाळ्यातही या कामाला उबदारच पडते.

अडीच टक्क्यांचा हिशोब

जुन्या कृतीत मांस मिठात पुरून ठेवत आणि दिवस मोजून बाहेर काढत. बाहेर गरजेच्या कितीतरी पट मीठ असल्याने ते आत शिरत राहतं, आणि एखादा दिवस उशीर झाला की बाहेरचा थर खारट आणि गाभा मात्र अळणी. नव्या पद्धतीत शेवटी जेवढं मीठ मांसात असायला हवं, तेवढंच सुरुवातीला तोलून घालतात. मांसाच्या वजनाच्या अडीच टक्के मीठ आणि एक टक्का साखर हे बऱ्याच जणांना रुचणारं प्रमाण. म्हणजे २ किलो मांसाला सगळं मिळून ५० ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम साखर. हे चोळून मांस झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करायचं आणि पिशवी रोज उलटायची. पिशवीत पाणी सुटतं. ते ओतून द्यायचं नाही, कारण तोललेल्या मिठाचा एक वाटा त्यात विरघळलेला असतो.

मीठ जास्तीकडून कमीकडे सरकतं. आतलं आणि बाहेरचं प्रमाण सारखं झालं, की हा प्रवास थांबतो. म्हणून या पद्धतीत मांस दोन-तीन दिवस जास्त राहिलं तरी खारट होत नाही. लवकर काढलं तर मात्र फसतं. जाडी दुप्पट झाली, तर मीठ आत पोचायला वेळ चौपट लागतो. ४ सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला आठ-दहा दिवस द्यावेत. चौथ्याच दिवशी घाईने काढलेल्या तुकड्याच्या मध्यभागी कापल्यावर राखाडी पट्टा दिसतो. मीठ तिथवर पोचलेलंच नसतं.

मसाल्यांचं काय, हा प्रश्न इथे येतोच. मीठ, साखर आणि पुढे येणारं नायट्राइट हे सगळे लहान आणि पाण्यात सहज विरघळणारे रेणू, म्हणून ते मांसातल्या पाण्यातून आत जातात. मिरी, तमालपत्र, लसूण यांचे सुगंधी रेणू बहुतांशी पाण्यापेक्षा तेलात रमणारे असतात आणि ते वरच राहतात. मसाला दुप्पट केला तर फक्त कडेची चव दुप्पट होते. साखरेऐवजी गूळ वापरायलाही हरकत नाही, पण गुळात थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळं असतं. त्यामुळे तो तव्यावर लवकर तांबूस होतो आणि लवकर करपतोही.

चिमूटभर नायट्राइट

नुसत्या मिठात मुरवलेलं मांस शिजवलं की राखाडी होतं आणि खारवलेल्या भाजक्या पोर्कसारखं लागतं. बेकनची खास चव आणि गुलाबी रंग येतो सोडियम नायट्राइटमुळे. जुन्या काळी याऐवजी सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट वापरत. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपला सोऱ्याचा मोठा पुरवठा बिहारमधून व्हायचा. तो मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी जाई, पण मांस मुरवणाऱ्यांनाही हाच पदार्थ लागे. सोरा स्वतः रंग देत नाही, मिठाच्या पाण्यातले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, हे १८९१ मध्ये जर्मनीच्या एडुआर्ड पोलेन्स्के यांच्या कामातून पुढे आलं. मांसाच्या रंगाचं कोडं जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०१ च्या सुमारास उलगडलं. पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारलेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचे चिरंजीव.

नायट्राइटपासून मांसात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि तो मायोग्लोबिन या रंगद्रव्यातल्या लोहाला जाऊन चिकटतो. शिजवल्यावरही टिकणारा गुलाबी रंग त्यातून येतो. चवीच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे असं बांधलं गेलेलं लोह चरबीच्या ऑक्सिडीकरणाला हातभार लावू शकत नाही. शिळ्या मटणाला किंवा पोर्कला येणारा जुनाट वास या ऑक्सिडीकरणातून येतो. तो दबला, की एरवी झाकले जाणारे गंध वर येतात. तिसरं काम सुरक्षिततेचं आहे. बंद पिशवीत आणि मांसाच्या गाभ्यात ऑक्सिजन नसतो, आणि बॉट्युलिझमचं विष तयार करणाऱ्या जीवाणूला नेमकी अशीच जागा लागते. नायट्राइट त्याला वाढू देत नाही. कमी तापमानावर तासन्‌तास धुरी देणार असाल, तर ते ऐच्छिक समजू नये.

प्रमाणात मात्र अंदाजपंचे चालत नाही. जास्त नायट्राइट पोटात गेलं, तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून ते शुद्ध स्वरूपात हाताळायचंच नाही. ६.२५ टक्के नायट्राइट आणि बाकी साधं मीठ असं तयार क्युरिंग सॉल्ट मिळतं. ते किलोला २.५ ग्रॅम घातलं, की मांसात किलोमागे सुमारे १५६ मिलिग्रॅम नायट्राइट येतं. आपल्या २ किलोला ५ ग्रॅम, आणि तेवढंच साधं मीठ कमी करायचं, म्हणजे ४५ ग्रॅम. रोजच्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून या मिठाला गुलाबी रंग देतात. आपल्याकडे गुलाबी मीठ म्हटलं की सैंधव डोळ्यांसमोर येतं, पण या दोघांचा काहीही संबंध नाही. सैंधव घालून नायट्राइटचं काम होणार नाही, आणि क्युरिंग सॉल्ट सैंधव समजून आमटीत पडलं तर घात होईल. डबा वेगळा, त्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी आणि मुलांच्या हाताला न लागणारी जागा, एवढं हवंच.

सुकवण्याची रात्र

घाईत सर्रास गाळली जाते ती ही पायरी. मुरलेलं मांस धुऊन, टिपून, जाळीवर ठेवून फ्रिजमध्ये रात्रभर उघडंच राहू द्यायचं. मिठाने मोकळी झालेली प्रथिनं पृष्ठभागावर सुकतात आणि एक पातळ, चकचकीत साय धरते. बोट टेकवलं की किंचित चिकटायला हवं, ओलं लागता कामा नये. पृष्ठभागावर पाण्याचे थेंब असतील, तर धुरातली आम्लं आणि डांबरी पदार्थ त्यांत विरघळून ओघळतात. अशा बेकनवर काळपट रेघा दिसतात आणि त्या जागी ते आंबट-कडू लागतं. पावसाळ्यात बाहेर पंख्याखाली सुकवण्याच्या भानगडीत पडू नये. फ्रिजमधली हवा थंड असते आणि कोरडीही.

निळसर धूर, पांढरा धूर

लाकूड पेटून भडकलं तर चव मिळत नाही. ते धुमसायला लागतं. लाकडातलं हेमिसेल्युलोज २०० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतं आणि त्यातून आम्लं व कार्बोनिल संयुगं निघतात. बेकनवरचा सोनेरी-तपकिरी रंग या कार्बोनिलांची मांसातल्या प्रथिनांशी अभिक्रिया होऊन येतो. त्याहून जास्त तापमानाला लिग्निन फुटतं आणि ग्वायाकॉल, सिरिंगॉल ही फिनॉलं देतं. धुराची चव मुख्यतः पहिल्याची, धुराचा सुगंध दुसऱ्याचा. ओक, बीच, हिकरी, सफरचंद अशा रुंदपर्णी झाडांच्या लाकडातून दोन्ही मिळतात. आपल्याकडचं वाळलेलं आंब्याचं लाकूडही याच गटातलं. पाइनच्या लिग्निनमधून सिरिंगॉल जवळपास मिळत नाही, शिवाय राळेमुळे काजळी धरते. रंग दिलेलं लाकूड आणि प्लायवूड तर वर्ज्यच. आच फार वाढली, की बेंझोपायरिनसारखी कर्करोगकारक संयुगं वाढतात, म्हणून धुमसणं आरोग्यालाही बरं.

आपल्या स्वयंपाकघरातली निखाऱ्यावर तूप सोडून दिलेली धुरी इथे कामाची नाही. कोळसा होतानाच लाकडातलं लिग्निन बव्हंशी संपलेलं असतं. वाटीतून निघतो तो जळत्या तुपाचा धूर. बिर्याणीला तो शोभतो, पण त्यात ग्वायाकॉल शोधून सापडणार नाही.

धूर चांगला आहे का, हे त्याच्या रंगावरून कळतं. अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, आकाश निळं दिसतं तेही लहान रेणूंनी असाच प्रकाश विखुरल्यामुळे. निळसर, विरळ धूर म्हणजे हवा पुरेशी खेळते आहे आणि कण बारीक आहेत. दाट पांढरा धूर म्हणजे ओलं लाकूड किंवा कोंडलेली हवा, आणि त्यात पाण्याचे व डांबराचे मोठे थेंब. डोळ्यांना तो भरघोस वाटतो, पण चवीचा मोठा भाग मांस शोषून घेतं तो न दिसणाऱ्या बाष्पातून. स्कॉटलंडच्या ॲबरडीनमधल्या टोरी संशोधन केंद्रात मासे धुरावण्याच्या अभ्यासातून हे स्पष्ट झालं होतं. म्हणून दाट धुराचे दोन तास कमी करून विरळ धुराचे चार तास द्यावेत.

थंड धुरीसाठी हवा ३० अंशांच्या आत लागते. आपल्या हवेत वर्षातले बरेच दिवस ते जमत नाही, चरबी पाझरू लागते. त्यामुळे ९० अंशांच्या आसपास धुरी देऊन मांसाच्या मध्यभागी ६५ अंश येईपर्यंत थांबणं सोपं आणि सुरक्षित. धुरीतून काढलेलं बेकन लगेच चाखून निकाल मात्र देऊ नये. फिनॉलं तेव्हा पृष्ठभागावरच दाटलेली असतात, आणि तासन्‌तास धुरात उभ्या राहिलेल्या माणसाच्या नाकाला धुराचा वास नीट कळेनासा झालेला असतो. गुंडाळून एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलं, की धूर हळूहळू चरबीत उतरतो आणि त्याची धार बोथट होते.

खरेदी आणि तवा

चरबीचा दर्जा खरेदीतच ठरतो. डुकराचं पोट गाईसारखं चार कप्प्यांचं नसतं, त्यामुळे खाद्यातली चरबी फारशी न बदलता त्याच्या अंगावर उतरते. तेलकट खाद्यावर वाढलेल्या जनावराची चरबी मऊ, पातळ असते आणि लवकर खवट होते. खाटकाकडे पांढरी, बोटाने दाबली तर घट्ट लागणारी चरबी मागावी.

परतताना काप गार तव्यावर ठेवून मंद आच द्यावी. आधी चरबी सुटते, मग पाणी उडतं आणि त्यानंतर तापमान चढून तांबूस होण्याची अभिक्रिया सुरू होते. तळलेलं बेकन आणि तळलेलं साधं पोर्क यांचे गंध २००४ मधल्या एका अभ्यासात शेजारी ठेवून तपासले, तेव्हा नायट्रोजनयुक्त सुगंधी संयुगं बेकनमध्ये ठळकपणे जास्त आढळली. कडकडीत तव्यावर काप टाकला, की साखर करपते आणि नायट्राइटपासून होणारी घातक नायट्रोसामाइन्सही वाढतात. प्रक्रिया केलेलं मांस आतड्याच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतं, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये दिला आहे. रोज ५० ग्रॅम खाण्यामागे धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज आहे. घरी केलेलं बेकनही त्याला अपवाद नाही, तेव्हा ते सणासुदीलाच बरं.

या नादाला लागलेले लोक पैसे आधी परदेशी लाकडाच्या ढलप्यांवर घालवतात. त्याऐवजी ०.१ ग्रॅमपर्यंत तोलणारा काटा, मांसात खुपसायचा थर्मामीटर आणि एक वही घ्यावी. वजन, जाडी, दिवस, तापमान वहीत लिहावं आणि दर खेपेला एकच गोष्ट बदलावी. हिकरी बरी की आंबा, यावर वाद घालायला त्यानंतर भरपूर वेळ मिळतो.