लाईट: तो की ती?

आपल्या होस्टेलमध्ये दिवसभरात सर्वांत जास्त वापरला जाणारा इंग्रजी शब्द कोणता? माझे मत ‘लाईट’ला. शब्द साहेबाचा, पण त्याला लिंग दिले आपण, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

‘लाईट लावला’ म्हणतो तेव्हा तो दिवा असतो, म्हणून पुल्लिंगी. ‘लाईट गेली’ म्हणतो तेव्हा ती वीज, म्हणून स्त्रीलिंगी. विजेवर पंखा चालो नाहीतर पंप, बिल लाईटचेच आणि खांबही लाईटचाच! शुद्ध मराठीवाले सांगतात, ‘वीज’ म्हणा. पण आपल्या कोकणात जूनमध्ये कोणी ‘वीज आली’ म्हणून ओरडला, तर माणूस आधी आभाळाकडेच बघणार.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकले. खांब आडवे झाले, काही गावे कित्येक दिवस अंधारात होती. त्या दिवसांत ‘लाईट आली का?’ या प्रश्नात दिव्याचा नंबर सर्वांत शेवटी. विहिरीवरचा पंप, नळाचे पाणी, मोबाईलचे चार्जिंग, म्हणजे मुंबईच्या नातेवाईकांना ‘आम्ही ठीक आहोत’ एवढे कळवणेसुद्धा त्या एका शब्दावर अडले होते.

किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमाराचा ‘लाईट’ आणखी वेगळा. त्याच्या लेखी तो एलईडीचा झोत. समुद्रात असा झोत पाडून मासळी गोळा करायची आणि जाळ्यात घ्यायची. केंद्र सरकारने २०१७ मध्ये या मासेमारीवर बंदी घातली, तरी हा शब्द ऐकला की त्याच्या कपाळावर आठी उमटतेच.

आता जरा आपल्या खोलीतले. होल्डर बदलायला खुर्चीवर चढलात आणि खालून रूममेट म्हणाला, ‘लाईट बंद केला रे!’ तर त्याचा अर्थ एवढाच, की दिवा विझला. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असेल (जुन्या वायरिंगमध्ये असे सापडते), तर दिवा विझूनही होल्डरमध्ये फेज तशीच राहते. हात लावला की झटका. ‘बंद केली’ म्हणाला तर मेन स्विच बंद असावा. पण घाईत व्याकरण कोण पाळतो? सरळ विचारा, ‘मेन बंद आहे का?’ आणि तरीही टेस्टर लावून बघा.

यावर तो म्हणेल, ‘अरे, लाईट घे!’ हा तिसरा लाईट. याला लिंग नाही आणि बिलही येत नाही.