नित्याचा वेष व स्नीकर

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या घरांत एक वाद उपस्थित झाला. धाकटी सूनबाई शाळेंत शिकविते. पांच-सहा तास उभें राहणें व दोन्ही वेळां स्टेशनपर्यंतची पायपीट हा तिचा नित्यक्रम. सकाळीं उठून पहिलें पाऊल टाकतांच तिच्या टांचेंत सुरी खुपसल्यासारखी कळ येऊं लागली, तेव्हां डॉक्टरांनीं तिच्या सपाट व कठीण वहाणा बंद करविल्या आणि जाड, मऊ तळाचे बूट घालण्यास सांगितलें. तिनें स्नीकर आणले आणि पांचवारी साडीखालीं ते घालून ती निघाली. आमच्या वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांचें वय ब्याऐंशी. "अगं, साडी नेसून खेळायला निघालीस काय?" एवढेंच त्या म्हणाल्या. सूनबाई परत फिरली, जुन्या वहाणा घालून गेली व सायंकाळीं लंगडत घरीं आली. आम्ही तेथेंच वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों, आणि कांहीं बोललों नाहीं.

महाभारताच्या अनुशासनपर्वांत जमदग्नि व रेणुका यांची एक कथा आहे. जमदग्नि बाण सोडी आणि रेणुका ते वेंचून आणी. ज्येष्ठांतल्या भर दुपारीं तिचे पाय व मस्तक पोळलें आणि ती क्षणभर झाडाखालीं थांबली. विलंबाचें कारण कळतांच ऋषि सूर्यावरच बाण रोखून उभा राहिला. तेव्हां सूर्यानें त्यास छत्र व उपानह दिले. म्हणजे आमच्या परंपरेप्रमाणें पादत्राणाचा जन्मच मुळीं एका गृहिणीचे पाय भाजले म्हणून झाला. ही कथा आम्ही त्याच रात्रीं वहिनींना सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली व म्हणाल्या, "सूर्यानें वहाणा दिल्या, भाऊजी. होड्या नव्हे."

हें उत्तर अगदींच टाकाऊ नव्हतें. स्नीकर घालावे कीं नाहीं, हा प्रश्न टांचेनें सोडविलाच होता. कोणत्या वस्त्रावर कोणते घालावे, हा शिल्लक होता. त्याचा आम्ही नातवंडांच्या साह्यानें थोडा अभ्यास केला.

स्नीकर या इंग्रजी शब्दाचा अर्थ चोरपावलांनीं चालणारा. रबरी तळाचा आवाज होत नाहीं म्हणून हें नांव. मूळच्या रबराला उन्हाळ्यांत चिकट होण्याची व थंडींत तडकण्याची खोड होती. गंधक घालून तापविल्यास ती जाते, हें चार्लस् गुडइयर या अमेरिकन गृहस्थानें शोधून काढलें व १८४४ सालीं त्याचें पेटंट घेतलें. कापडास रबरी तळ जोडण्याची वाट तेथून मोकळी झाली. कॉन्व्हर्स कंपनीनें १९१७ सालीं बास्केटबॉलसाठीं काढलेला, घोटे झांकणारा कॅनव्हासचा बूट आजहि जवळजवळ त्याच घाटाचा मिळतो. आपल्याकडे १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्याजवळ बाटानगर वसलें, आणि पुढें शाळाशाळांतून कवायतीसाठीं पांढरे कॅनव्हासचे बूट रूढ झाले. आमच्या नोकरींत एका मुलानें वर्गांतला खडू घासून आपले मळके बूट पांढरे केले होते, म्हणून आम्हीं त्यास तासभर उभें केलें. त्याच्यापाशीं तेवढा एकच जोड होता, हें आम्हांस वर्षाच्या अखेरीस कळलें.

असो. दुकानांत शिरल्यावर रंगांच्या गर्दीनें गांगरून न जातां आधीं घाट पाहावा. धांवण्यासाठीं केलेल्या बुटाचा तळ टांचेकडे जाड व वरचें कापड जाळीदार असतें. टेनिसच्या घाटाचा बूट ठेंगणा, खालून सपाट, वरून गुळगुळीत असतो. कॅनव्हासचा बूट हलका व हवेशीर खरा, परंतु त्याचा तळ पातळ असल्यामुळें टांचदुखीला त्याचा उपयोग नाहीं, आणि पावसांत भिजला कीं दोन दिवस वाळत नाहीं.

आतां वस्त्राचा खालचा घेर पाहावा. निम्मा निकाल तेथेंच लागतो. विजार पायघोळ असेल तर बूट थोडा भरदार हवा, नाहीं तर तो कापडाखालीं बुडून जातो व विजारीचा कांठ रस्ता झाडीत चालतो. चुडीदाराच्या चुण्या घोट्यावर गोळा होतात, म्हणून त्यावर घोटे झांकणारा बूट शोभत नाहीं; ठेंगणा व निमुळता घ्यावा. झब्बा-लेंग्यावर साधा कॅनव्हास उत्तम. कचेरींत जाणारांनीं इस्त्रीच्या विजारीवर टेनिसच्या घाटाचा, एकाच रंगाचा बूट घालावा. तळहि त्याच रंगाचा असेल तर फारच बरें. जीन्सच्या विजारीवर कांहींहि चालतें, तिच्याविषयीं लिहिण्याचें कारण नाहीं. कापड नक्षीचें असेल तर बूट साधा व बूट रंगीत असेल तर कापड साधें असावें. दोघेंहि एकदम बोलूं लागलीं तर एकाचेंहि ऐकूं येत नाहीं.

साडीची गोष्ट निराळी. साडी आपण अनवाणी नेसतों व बूट मागाहून उंबऱ्याबाहेर चढवितों. तळ तीन सेंटिमीटर जाड असला तर निऱ्या जमिनीपासून तेवढ्याच वर जातात आणि सबंध बूट उघडा पडतो. वहिनींच्या डोळ्यांस खटकलें तें हेंच. बूट घालूनच साडी नेसावी, असा उपाय सूनबाईनें सुचविला. पण देवघराशेजारच्या खोलींत बाहेरचे बूट येणें कोणासहि रुचेना. अखेर तोड वहिनींनींच काढली. बुटाच्या तळाइतक्याच जाडीच्या सपाता घरापुरत्या आणाव्या व त्या घालून निऱ्या कराव्या. तसें केल्यापासून बुटाचें केवळ टोंक दिसतें. रंग सूनबाईनें राखाडी निवडला. तो तिच्या बहुतेक सुती साड्यांच्या कांठांशीं भांडत नाहीं. पैठणीवर स्नीकर घालावे काय, हा प्रश्न लग्नघरांनीं आपापला सोडवावा.

बूट सायंकाळीं घ्यावे, कारण दिवसभरांत पाऊल थोडें फुगतें. जो पाय मोठा असेल त्याचें माप धरावें व बोटांपुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा ठेवावी. पांढरे बूट धुतांना नाड्या व सुखतळा काढून घ्यावा आणि सावलींत वाळवावे. कडक उन्हानें डिंक सुटतो. एक चूक मात्र आमच्यासारख्या काटकसरी घरांतून हटकून होते. चांगला जोड सणावारासाठीं म्हणून वर्षानुवर्षें पेटींत जपून ठेवितात. पुष्कळ बुटांच्या तळांत पॉलियुरेथेन नांवाचा पदार्थ असतो व दमट हवेनें तो न वापरतांहि कुजतो. मग एके दिवशीं बूट बाहेर काढावा तों तळाचा भुगा हातांत येतो. तेव्हां घेतलेला जोड वापरावा.

दिवाळीनंतर वहिनींनीं आम्हांस बाजूला बोलावून विचारलें, "बिननाड्यांचे मिळतात का रे?" वांकणें त्यांना होत नाहीं, आणि देवळापाशीं नाड्या सोडीत बसणें कोणासच परवडत नाहीं. त्यांचें पाऊल आम्हीं कागदावर पेन्सिलीनें आंखून घेतलें आहे. सूनबाईसारखा जाड, मऊ तळ त्यांना उपयोगाचा नाहीं. म्हाताऱ्या माणसाला त्यावर जमिनीचा अंदाज लागत नाहीं व तोल जातो. पातळ, घट्ट, न घसरणाऱ्या तळाचा, टांच धरून ठेवणारा बूट हवा. तसे दोन दुकानांत पाहिले. पण दोन्हीकडे काळेच होते, आणि काळे त्यांना नको आहेत.