दर्शनी भाग आणि अंगण : आधी पाणी, मग रंग

कोल्हापुरात घराचा दर्शनी भाग बदलताना पाण्याचा विचार रंगाआधी करावा लागतो, कारण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असून २०१९ व २०२१च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. अंगणात जुन्या फरशीवर नवी फरशी चढवत गेल्यास जोत्याची, म्हणजे जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीपर्यंतच्या बांधकामाची, उंची घटते आणि पाणी उंबऱ्याशी येते. म्हणून जुना थर काढणेच योग्य.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट ओतलेले काँक्रीट तडकते. ती आवश्यक तितकी काढून, मुरूम दाबून, त्यावर सांधे मोकळे ठेवून दगडी फरशी बसवल्यास पाणी जमिनीत मुरते. न्यू पॅलेसच्या बांधणीत वापरलेला काळा दगड या हवेत टिकतो, हे एकोणिसाव्या शतकातील ती वास्तू आजही दाखवते. सामासिक अंतरात, म्हणजे इमारत आणि भूखंडाची हद्द यांमधील मोकळ्या जागेत, पक्के छत घालण्यापूर्वी महापालिकेची परवानगी तपासावी.