फ्लॉपीतला व्हायरस, पत्रिकेतला चोर

तुळशीचं लग्न लागलं की व्हॉट्सॲपवर पत्रिका यायला लागतात. त्यातली एखादी ओळखीच्याच नंबरावरून येते, पण ती चित्र नसते आणि पीडीएफही नसते. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘एपीके’ लिहिलेलं असतं. म्हणजे ते ॲप आहे. बोट लावलं की फोन आधी कुरकुरतो: हे बाहेरून आलेलं आहे, तरी बसवायचं का? आपण ‘हो’ म्हणतो, कारण कोणाचं लग्न आहे ते बघायचं असतं. मग ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. तीही आपण देतो. पत्रिका काही उघडत नाही, ॲपचं चिन्हही दिसेनासं होतं आणि ‘फाइल खराब असेल’ म्हणून आपण ते विसरून जातो. इकडे बँकेचा प्रत्येक ओटीपी आपल्याबरोबर आणखी कोणीतरी वाचू लागलेलं असतं.

‘मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही, मग पैसे गेले कसे?’ हा प्रश्न मग पोलीस ठाण्यात विचारला जातो. विचारणारा खोटं बोलत नसतो. ओटीपी सांगू नका, हे आपण घोकून पाठ केलं. तो न सांगताही जाऊ शकतो, हे आपल्याला कोणी बजावलंच नाही. व्हायरसबद्दलच्या आपल्या बहुतेक समजुती अशाच आहेत: एकेकाळी खऱ्या होत्या, आता नाहीत.

सगळ्यात जुनी समजूत म्हणजे ‘व्हायरस शिरला की कळतंच.’ पूर्वी खरंच कळायचं. १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा नावाच्या १५ वर्षांच्या अमेरिकन मुलानं ‘एल्क क्लोनर’ लिहिला. फ्लॉपीवरून पसरणारा हा व्हायरस दर पन्नासाव्या वेळी पडद्यावर एक कविता दाखवायचा, बस्स. १९८६ च्या ‘ब्रेन’ची तऱ्हा तर आणखी न्यारी. लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या भावांनी आपल्या सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून तो केला आणि त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर घातला. लस हवी असेल तर संपर्क साधा, असं आमंत्रणही होतं! पुढे परदेशातून फोन यायला लागले, तेव्हा हे प्रकरण कुठवर गेलंय याचा त्यांना अंदाज आला. आपल्याकडे पुण्यात कैलास काटकरांच्या कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या दुकानातून आणि धाकट्या भावानं, संजयनं लिहिलेल्या प्रोग्रॅममधून ‘क्विक हील’ उभं राहिलं, ते याच फ्लॉपीच्या दिवसांत.

त्या व्हायरसला दिसायची हौस होती. आजच्याचं सगळं कसब न दिसण्यात आहे. ११ ऑगस्ट २०१८ चा शनिवार आठवा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची बनावट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएमवर माणसं उभी राहिली आणि काही तासांत नोटा काढून पसार झाली. एटीएम दर वेळी बँकेला विचारतं, ‘देऊ का?’ त्या दिवशी ‘दे’ हे उत्तर बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडून येतच नव्हतं. चोरांनी मधेच बसवलेला तोतया ते देत होता. (पुण्याला तोतये नवे नाहीत, पण हा जास्त महागात पडला.) १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर. कुठल्याही पडद्यावर कवटी नाचली नाही, कविता उमटली नाही. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली.

दुसरी समजूत म्हणजे हे टवाळ पोरांचे उद्योग आहेत. पैशाचा वास यात फार पूर्वीच शिरला होता. १९८९ मध्ये जोसेफ पॉप या जीवशास्त्रज्ञानं एड्सची माहिती म्हणून सुमारे २० हजार फ्लॉप्या टपालानं पाठवल्या. संगणक नव्वद वेळा सुरू झाला की फाइलींची नावं गुप्त लिपीत जायची आणि पनामातल्या टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा, अशी मागणी यायची. कल्पना तयार होती, अडचण वसुलीची होती. टपालपेटीशी येणारा माणूस पकडता येतो. ती अडचण बिटकॉइननं सोडवली आणि २०१३ च्या ‘क्रिप्टोलॉकर’पासून खंडणीचा धंदा फोफावला. आता एक टोळी प्रोग्रॅम लिहिते, दुसरी तो वापरायला घेते आणि खंडणीत दोघींचा हिस्सा ठरलेला असतो. याला पोरखेळ म्हणणं म्हणजे दरोडेखोराला खोडकर म्हणणं आहे.

‘पण माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ या प्रश्नाचं उत्तर न्हावा-शेव्याला मिळतं. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ युक्रेनमध्ये सुटला. तिथल्या कंपन्या वापरतात त्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत गेला. निशाणा युक्रेन होता. पण युक्रेनमध्ये कारभार असलेली मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली, मर्स्कच्या जाळ्यात जगभरची बंदरं होती आणि त्यातलं एक टर्मिनल आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरात, जेएनपीटीत. तिथलं संगणकावरचं काम बंद पडलं, कंटेनरची नोंद हातानं करायची पाळी आली. पडद्यावर खंडणीची मागणी होती, पण ती भरूनही फाइली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. एकट्या मर्स्कनं आपला तोटा २५ ते ३० कोटी डॉलर सांगितला. नवी मुंबईच्या रस्त्यावर कंटेनर घेऊन थांबलेल्या ड्रायव्हरचं युक्रेनशी कसलंच भांडण नव्हतं.

‘ॲपलला व्हायरस लागत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: वरचा एल्क क्लोनर ॲपलच्याच संगणकावर जन्मला आणि २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’नं सुमारे सहा लाख मॅक ग्रासले. ब्राउझरमधलं वेबसाइटच्या पत्त्याशेजारचं कुलूपही असंच फसवं. कुलूप म्हणजे मधल्या वाटेवर कोणी ऐकत नाही; पलीकडे बसलेला भामटा नाही, याची हमी ते देत नाही. लोकांचा हा गोंधळ मिटेना, म्हणून गुगलनं २०२३ मध्ये क्रोममधलं ते चिन्हच काढून टाकलं.

आणि अँटिव्हायरस? तो जरूर ठेवा, अपडेटही टाळू नका. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’नं दीडशे देशांत धुमाकूळ घातला, त्याच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेली होती. पण ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये अँटिव्हायरसनं पकडावं तरी काय? तिथे व्हायरसच नसतो. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश असतो, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा असतो आणि ‘घरात कोणाला सांगायचं नाही’ असा दम असतो. पैसे आपणच, आपल्या हातानं पाठवतो. यात निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापकही फसले आहेत, तेव्हा हे ‘अडाण्यांचं काम’ समजण्यात अर्थ नाही. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. असा फोन आला की कापायचा, खुलासे करत बसायचं नाही.

शेवटची समजूत मला सगळ्यात घातक वाटते: ‘गेले ते गेले, आता तक्रार करून काय उपयोग?’ चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरत असते. ती काढून घेतली जाण्याआधी कळवलं, तर वाटेत गोठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानं तत्त्वही घालून दिलं: ग्राहकाची आणि बँकेची चूक नसताना तिऱ्हाइतानं घातलेला गंडा कामाच्या तीन दिवसांत कळवला, तर ग्राहकावर बोजा नाही. चूक आपली असली, तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. शरमेपोटी घालवलेली रात्र चोराच्या पथ्यावर पडते.

राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर १९३० आहे. तो आत्ता फोनमध्ये साठवा आणि आईवडिलांच्या फोनमध्ये स्वतःच्या हातानं घालून द्या.