कार्मिला आणि मी भित्री

भुताखेतांच्या गोष्टी मला मुळीच झेपत नाहीत. घरात कुणी मुंजा-हडळीचा विषय काढला, की मी मुकाट्याने स्वयंपाकघराची वाट धरते. अशी मी शेरिडन ले फानू या आयरिश लेखकाची ‘कार्मिला’ एका बैठकीत वाचून उठले, हे घरात कुणाला खरे वाटत नाही.

ही लहानशी कादंबरी मासिकातून क्रमशः आली ती १८७१-७२ साली. म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या चांगली पंचवीस वर्षे आधी. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात, रानातल्या एका गढीत तरुण लॉरा वडिलांबरोबर राहत असते. बरोबरीचे कुणी नाही. एके चांदण्या रात्री गढीपाशी घोडागाडी उलटते आणि तीतली कार्मिला पाहुणी म्हणून राहते. बाईसाहेब दुपारपर्यंत खोलीबाहेर येत नाहीत, आणि आल्या की पेलाभर चॉकलेटावर भागवतात!

ती रक्तपिपासू आहे हे आपल्याला लॉराच्या कितीतरी आधी कळते, त्यामुळे भीतीची धार बोथट होते. उरते ते प्रेम. कार्मिला लॉराला जवळ घेते, तिच्यावर हक्क सांगते. लॉरा भांबावते. हा मुलीच्या वेषातला कुणी प्रियकर तर नव्हे, अशी शंकाही तिला येते! बाईचे बाईवर असे प्रेम जडते, हे त्या बिचारीला कुणी सांगितलेलेच नसते. तिला ओढही वाटते आणि शिसारीही. दोन्ही ती प्रामाणिकपणे नोंदवते.

रात्री पलंगाशी घुटमळणारे मांजरासारखे काळे जनावर मी एका डोळ्याने वाचले. खरा काटा आला तो शेवटी. थडगे उघडतात, छातीत मेख ठोकतात, शिर उडवतात, देह जाळतात. आणि हे सारे लॉरा सांगते ते सरकारी अहवालाच्या आधारे! खाली हजर असलेल्यांच्या सह्यासुद्धा आहेत. कार्मिलाने खेड्यातल्या मुलींचे बळी घेतले, हे मी विसरत नाही. तरी त्या कोरड्या कागदापाशी माझे डोळे भरून आले. त्या काळी असे प्रेम छापायचे तर त्याला सुळे द्यावे लागत असावेत.

लॉरा हे लिहिते तेव्हा दहाहून अधिक वर्षे लोटलेली असतात. तरी दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलाचे हलके पाऊल वाजल्याचा तिला भास होतो. माझी एक मैत्रीण म्हणते, ती भीतीच. मला नाही तसे वाटत.